डोक्याचे माप, हाताची किंमत

(पिंपरी-चिंचवड परिसरातील कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विल्यम रिप्ले हे नाव अर्थशास्त्राच्या जुन्या विद्यार्थ्यांना परिचित असते ते रेल्वेच्या दरांमुळे. अमेरिकन रेल्वे कंपन्यांची दरआकारणी, भागधारकांपासून दडवले जाणारे हिशेब आणि मूठभरांच्या हाती एकवटणारी सत्ता यांवर हार्वर्डच्या या प्राध्यापकाने निर्भीडपणे लिहिले. १९२७ सालचे त्याचे ‘मेन स्ट्रीट अँड वॉल स्ट्रीट’ हे पुस्तक समाजवादी विचाराच्या वाचकाला आजही आपलेसे वाटेल. पण याच रिप्लेने त्याआधी, १८९९ साली, एक अगदी वेगळ्या विषयावरचा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला होता. त्याचे नाव ‘द रेसेस ऑफ युरोप’. युरोपातील समस्त माणसांची त्याने तीन वंशांत वाटणी केली. उत्तरेकडचा उंच, गोरा, निळ्या डोळ्यांचा आणि लांबट डोक्याचा तो ट्यूटॉनिक. मधल्या डोंगराळ पट्ट्यातला बसक्या बांध्याचा, गोल डोक्याचा तो अल्पाइन. आणि दक्षिणेच्या समुद्रकाठचा काळसर केसांचा, पुन्हा लांबट डोक्याचा तो मेडिटरेनियन.

या वर्गीकरणाला आज शास्त्रात काडीचे स्थान उरलेले नाही. मग त्याची आठवण पिंपरीतल्या अभ्यासवर्गात काढण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. प्रयोजन असे की, हे वर्गीकरण जन्मले ग्रंथालयात आणि प्रयोगशाळेत, पण ते राबवले गेले बंदरावर आणि कारखान्याच्या फाटकावर. शास्त्राने ते टाकून दिले. फाटकाने टाकलेले नाही. भोसरी ते चाकण या पट्ट्यात ते आजही चालू आहे, फक्त आता कोणी डोके मोजत नाही.

प्रथम त्या मापाविषयी. स्वीडनचा शरीरशास्त्रज्ञ अँडर्स रेट्झियस याने १८४० च्या दशकात एक सोपी युक्ती काढली. डोक्याच्या रुंदीला लांबीने भागायचे आणि शंभराने गुणायचे. उत्तर सुमारे ७५ च्या खाली आले तर माणूस लांबडोक्या, ८० च्या वर गेले तर गोलडोक्या. या युक्तीची मोहिनी विलक्षण होती, कारण तिच्यातून आकडा निघत होता, आणि आकडा निघाला की शास्त्र झाले अशी समजूत त्या काळी होती. ती आजही पुरती गेलेली नाही. अर्थशास्त्राच्या क्षेत्रात तर मुळीच नाही.

पण आकडे निघाले तरी वंश किती, हे काही ठरेना. रिप्लेला तीन दिसले. फ्रान्समध्ये जोसेफ डेनिकर याने तोच युरोप आणि जवळजवळ तीच मापे घेऊन सहा मुख्य व चार दुय्यम वंश काढले. ‘नॉर्डिक’ हा पुढे कुप्रसिद्ध झालेला शब्द याच डेनिकरचा. जर्मनीतील बाडेन प्रांतात ओटो आमोन याने हजारो डोकी मोजली होती. अस्सल अल्पाइन नमुन्याचे एक छायाचित्र पाठवावे, अशी विनंती रिप्लेने त्याला केली, तेव्हा सर्व लक्षणे एकत्र असलेला एकही माणूस आपल्याला सापडला नाही असे आमोनने कळवले. ही हकिकत खुद्द रिप्लेनेच प्रामाणिकपणे छापली आहे! म्हणजे वंश नकाशावर होता, कोष्टकात होता, पण माणसांत नव्हता. सरासरी काढायची आणि मग त्या सरासरीलाच हाडामांसाचा मनुष्य समजायचे, हा दोष संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दाखवता येईल.

जर्मनीत रुडॉल्फ विरचोव्ह याने १८७० च्या दशकात याहून मोठा खटाटोप केला. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्सचा पराभव झाल्यावर काट्रफाज नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रशियन लोक मुळी जर्मनच नव्हेत, ते फिनी वंशाचे आहेत, असा शोध लावला. त्याला उत्तर म्हणून जर्मनीतल्या सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांचे केस, डोळे आणि कातडी यांची नोंद करण्यात आली. निष्पन्न काय झाले? ज्यांना शुद्ध जर्मन म्हणावे अशी सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची मुले एकतृतीयांशाहून कमी निघाली, आणि ज्यूंच्या मुलांतही दहातले एक तसे निघाले. विरचोव्हने त्यातून घ्यायचा तो बोध घेतला. त्याच्या देशाने घेतला नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. ही वंशवादी मांडणी केवळ जमीनदारांच्या आणि सेनापतींच्या डोक्यातून निघाली असती तर समाजवाद्यांना फार सोयीचे झाले असते. वस्तुस्थिती तशी नाही. लांबडोका ‘आर्य’ श्रेष्ठ आणि गोलडोका अल्पाइन जन्मजात दास, असा सिद्धान्त रचणारा फ्रान्सचा वाशे द लापूज हा काही काळ तेथील कामगार पक्षात वावरलेला गृहस्थ होता. डोक्याच्या मापातील एकदोन अंशांच्या फरकावरून पुढे लाखो लोक एकमेकांचे गळे कापतील, असे भाकीत त्याने केले होते, आणि ते खरे ठरावे म्हणून स्वतः होईल तेवढी मदतही केली.

अमेरिकेतील जॉन कॉमन्स तर कामगार चळवळीचा थोर इतिहासकार आणि विस्कॉन्सिन राज्याच्या कामगार कायद्यांमागचा अभ्यासक. त्यानेही १९०७ साली स्थलांतरितांच्या वंशांवर ग्रंथ लिहून पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणारा मजूर हलक्या प्रतीचा, अशा समजुतीला हातभार लावला. तथापि याच कॉमन्सने नोंदवून ठेवलेला एक प्रसंग त्याच्या त्या साऱ्या ग्रंथाहून मोलाचा आहे. १९०४ साली तो शिकागोतील एका मांसप्रक्रिया कारखान्याच्या भरती कचेरीत गेला. बाकांवर बसलेले सारे उमेदवार सोनेरी केसांचे, उत्तर युरोपीय. केवळ स्वीडिश माणसेच का घेता, असे त्याने भरती करणाऱ्याला विचारले. उत्तर मिळाले की, हे या आठवड्यापुरते. गेल्या आठवड्यात स्लोव्हाक घेतले होते. देश आणि भाषा अशा आलटून पालटून घेतल्या म्हणजे माणसे एकत्र येत नाहीत, आणि ही पद्धत पक्की बसवलेली आहे.

त्या भरती करणाऱ्याने रिप्लेचे पुस्तक वाचले होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. वंशांच्या प्रतवारीवर त्याचा विश्वास असण्याचीही गरज नव्हती. वंश वेगवेगळे आहेत एवढे कामगारांना वाटत राहिले की त्याचे काम भागत होते.

पुढे या पद्धतीला तक्त्याचेही रूप आले. १९२० च्या दशकाच्या मध्यास पिट्सबर्गच्या सेंट्रल ट्यूब कंपनीने एक कोष्टक बनवले होते. त्यात ३६ वंश किंवा राष्ट्रीयत्वे एका बाजूला आणि कारखान्यातील कामे दुसऱ्या बाजूला. फावडे मारणे, भट्टीजवळची उष्णता सोसणे, रात्रपाळी करणे, यांत कोणता वंश चांगला, कोणता बरा, कोणता वाईट, हे खुणांनी दाखवलेले. ज्याला भट्टीपाशी उभे करायचे तो भट्टीला योग्य असे शास्त्रच सांगत असेल, तर भट्टीपुढे पडदा लावण्याचा खर्च कोण करील? त्या तक्त्याचे अर्थशास्त्र एवढेच होते.

१९१९ च्या पोलाद संपात हा डाव उघडा पडला. सुमारे साडेतीन लाख कामगार बाहेर पडले होते आणि त्यांत युरोपातील बहुतेक साऱ्या भाषा बोलणारे लोक होते. संप फोडण्यासाठी नेमलेल्या एका खाजगी गुप्तहेर संस्थेने आपल्या माणसांना लेखी सूचना दिली की, सर्बियन आणि इटालियन यांच्यात होईल तितके वितुष्ट पेरा. इटालियन कामावर परतत आहेत, आता सर्बांच्या जागा जाणार, अशी बातमी पसरवा. अमेरिकन ख्रिस्ती संस्थांच्या चौकशी समितीने ही सूचना प्रसिद्ध केली म्हणून ती जगाला कळली. जानेवारी १९२० मध्ये संप मोडला.

सरकारही मागे राहिले नाही. अमेरिकन काँग्रेसच्या डिलिंगहॅम आयोगाने १९०७ ते १९११ या काळात ४१ खंड सिद्ध केले. त्यांतला एक खंड म्हणजे वंशांचा कोश. त्यात उत्तर इटालियन आणि दक्षिण इटालियन हे दोन निराळे वंश ठरवलेले होते. १९२४ च्या कायद्याने प्रवेशाचा कोटा १८९० च्या शिरगणतीवर बेतला. दक्षिण आणि पूर्व युरोपातील लोंढा तेव्हा फारसा सुरू झाला नव्हता, म्हणूनच ते वर्ष निवडले. इटलीचा वार्षिक कोटा ४२,०५७ वरून ३,८४५ वर आला. पुढच्या दशकात जर्मनीतून पळू पाहणाऱ्या ज्यूंनाही याच कोट्याचे दार बंद मिळाले.

आश्चर्य हे की, खंडन त्या आयोगाच्याच पदरात पडले होते. फ्रान्झ बोआस याने आयोगासाठी न्यूयॉर्कमध्ये सुमारे अठरा हजार स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची मापे घेतली. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्यांचे माप आईबापांहून बदललेले निघाले; गोलडोक्यांच्या मुलांची डोकी काहीशी लांबट झाली, लांबडोक्यांच्या मुलांची काहीशी गोल. हा बदल नेमका केवढा, यावर २००२-०३ साली पुन्हा वाद झाला. पण ज्या मापाला हजारो वर्षे न बदलणारी वंशाची मोहोर म्हणत होते, त्याच्या अढळपणाविषयीची खात्री त्या दिवशी गेली ती गेली.

हीच मोजपट्टी महाराष्ट्रातही आली. १९०१ च्या शिरगणतीचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याने हिंदुस्थानातील माणसांचे सात प्रकार केले आणि मराठी माणसाला ‘शक-द्राविड’ या रकान्यात टाकले. कारण काय? तर इकडची डोकी त्याला गोलसर आढळली, आणि मराठ्यांच्या गनिमी काव्यात त्याला मध्य आशियातील शकांचे रक्त दिसले. तुकोबांच्या कुणब्याचे आणि पुण्याच्या शास्त्र्याचे असे एका झटक्यात घोडेस्वार शक झाले! नाक जितके रुंद तितकी जात खालची, असाही त्याचा एक नियम होता. १९३१ च्या शिरगणतीसाठी मापे घेणाऱ्या बिरजाशंकर गुहा यांनी तर युरोपचीच नावे उचलली. गुजरात आणि महाराष्ट्रातले लोक अल्पाइन व दिनारिक गटाशी जोडले गेले. स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांतून ते वर्गीकरण अजूनही पाठ केले जाते, हे कळले तर गुहांनाही संकोच वाटला असता.

मात्र या मापाची सर्वांत कसून उलटतपासणी कोणी केली असेल, तर ती मराठी अभ्यासकांनी. गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये रिस्लेचीच मापे पुन्हा मांडून दाखवले की, संयुक्त प्रांत सोडला तर जातीची पायरी आणि नाकाची रुंदी यांचा मेळ बसत नाही. इरावतीबाई कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. तेथील मानववंशशास्त्र संस्थेचा प्रमुख ऑयगेन फिशर हा त्यांचा मार्गदर्शक. युरोपीयांच्या कवटीची ठेवण श्रेष्ठ बुद्धीची निदर्शक असते, हे सिद्ध व्हावे अशी त्याची अपेक्षा. तेवीस-चोवीस वर्षांच्या या मुलीने सुमारे दीडशे कवट्या मोजल्या आणि कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध लागत नाही असा निष्कर्ष लिहून प्रबंध त्याच मार्गदर्शकाच्या हाती दिला. ज्या संस्थेकडे पुढे ऑशविट्झच्या छळछावणीतून मानवी अवयव तपासणीसाठी पाठवले गेले, त्या संस्थेत हे घडले. अर्थात इरावतीबाईंनी कॅलिपर टाकून दिला नाही. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये आल्यावर त्यांनी महाराष्ट्रातील जातींची मापे घेतली आणि १९५१ साली ती प्रसिद्ध केली, तेव्हा संख्याशास्त्राची बाजू सांभाळणारे सहलेखक होते वि. म. दांडेकर. दारिद्र्यरेषेच्या वादामुळे या दांडेकरांचे नाव पुढे घरोघर गेले. इरावतीबाईंचा निष्कर्ष असा की, ‘ब्राह्मण’ या एका नावाखाली मोडणाऱ्या पोटजातीसुद्धा एका कुळीच्या नाहीत. जात म्हणजे नात्यागोत्याचा विस्तारलेला गट. वंश ही वेगळी गोष्ट.

आणि रिप्ले? त्याचे युरोपचे तीन वंशांचे कोष्टक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली शूद्रांच्या उत्पत्तीवरील आपल्या ग्रंथात उतरवून घेतले. हेतू उलट होता. या तिघांपैकी आर्य कोण, त्याचे डोके लांब की गोल, यावर खुद्द युरोपीय पंडितांचे एकमत नाही. तेव्हा आर्य वंशाने दास वंशाला जिंकले आणि त्यातून शूद्र झाले ही कथा कशाच्या आधारावर उभी, असा त्यांचा सवाल होता. दोन वर्षांनी अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी घुर्यांनी दिलेली नाकांची मापे वापरून दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वंशभेद नाही. एका अर्थशास्त्रज्ञाने गोळा केलेले कोष्टक दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाने असे उलटवले. पण बाबासाहेबांची झुंज ग्रंथांपुरती नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यातली जास्त पगाराची कामे अस्पृश्यांना मिळत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी त्यांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला, हेही विसरून चालणार नाही.

आता या पट्ट्याकडे वळू. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, साठच्या दशकात आकुर्डी-चिंचवडला वाहनांचे कारखाने उभे राहिले. साताऱ्याहून, सोलापुराहून, १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून माणसे आली. त्यांच्या आधीच्या पिढीला मुंबईत ‘घाटी’ म्हणत. घाटी म्हणजे पाठीचा मजबूत, डोक्याचा मंद. बंदरावरच्या हमालीला योग्य, कारकुनीला अयोग्य. हे वर्णन ज्यांच्या आजोबांना ऐकावे लागले, त्यांचेच नातू आज भोसरीत सुपरवायझर आहेत आणि काहीजण मजूर पुरवणारे कंत्राटदार.

कंत्राटदाराच्या तोंडी कोणती वाक्ये असतात? बिहारी मरमर राबतो. ओडिया गुमान राहतो. झारखंडचा उष्णता सोसतो, त्याला फाउंड्रीत टाका. मराठवाड्याचा पोरगा सणाला गावी पळतो. गावचा पोरगा नकोच, तो तिसऱ्या महिन्यात युनियन आणतो. पिट्सबर्गच्या कोष्टकातला प्रत्येक रकाना येथे तोंडपाठ आहे. एवढेच की ‘वंश’ या शब्दाच्या जागी ‘राज्य’ किंवा ‘जिल्हा’ आला आहे.

यांतील शेवटचे वाक्य तेवढे खरे बोलणारे आहे. बाकीची त्याच्यावरचे पांघरूण होत. ओडिशाचा मजूर गुमान राहतो तो काही त्याच्या जन्मजात स्वभावामुळे नव्हे. त्याची खोली कंत्राटदाराने धरून दिलेली असते, उचल घेतलेली असते, रेशनकार्ड गावी असते, मत गावी असते, आणि महाळुंग्याच्या ग्रामपंचायतीला किंवा पोलीस चौकीला त्याच्याशी काही देणेघेणे नसते. उद्या फाटकाबाहेर काढले तर रात्र कोठे काढायची हे ज्याला ठाऊक नाही, तो कोणत्याही वंशाचा असला तरी गुमानच राहील. उलट गावच्या पोराला घरी भाकर आहे, म्हणून तो बोलतो. पन्नास वर्षांपूर्वी गावी जमीन असलेल्या सातारकराबद्दल हीच तक्रार होती.

यात कायद्याचा हिशेबही आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात भरतीच्या वेळी महिन्याच्या निम्म्या पगाराइतका विस्थापन भत्ता देण्याची तरतूद होती. ती क्वचितच पाळली गेली. पण मागणी करायला आधार तरी होता. २०२० च्या संहितेत हा कायदा विलीन करताना प्रवासभत्ता राहिला आणि विस्थापन भत्ता गळाला. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातील २० मजुरांची मर्यादाही त्या संहितेत ५० झाली. त्यामुळे ज्याच्याकडे ४९ माणसे आहेत तो कंत्राटदार कंत्राटी मजुरांसाठीच्या तरतुदींच्या बाहेर राहतो, आणि ही ४९ माणसे एका जिल्ह्याची घ्यायची की चार राज्यांची, हे तो शिकागोच्या त्या भरती कचेरीच्याच बुद्धीने ठरवतो.

मे २०२० मध्ये टाळेबंदीनंतर हे मजूर गावी निघाले, तेव्हा कुशल माणसे नाहीत म्हणून कारखाने पूर्ण चालू करता येत नाहीत, अशी ओरड झाली. पाच-सहा वर्षे ज्याला पगारपत्रकात ‘हेल्पर’ लिहिले, तो त्या महिन्यात एकाएकी ‘कुशल’ ठरला. त्याच्या गावी जाण्याने उत्पादन अडते, पण त्याच्या असण्याने त्याची श्रेणी वाढत नाही.

कामगार संघटनांचा व्यवहार या बाबतीत फारसा निराळा नाही, आणि हे या सभेत स्पष्ट बोलले पाहिजे. कायम कामगारांच्या युनियनचा करार होतो, त्यात कंत्राटी मजुराचा उल्लेख नसतो. फाटकसभेचे पत्रक निघते ते मराठीत. ‘परप्रांतीयांनी पगार पाडले’ हे वाक्य समाजवादी कार्यकर्त्याच्याही तोंडून ऐकू येते. पगार पाडण्याचा अधिकार परप्रांतीयाला कोणी दिला, हा प्रश्न तेथे विचारला जात नाही. १९१९ च्या त्या गुप्तहेर संस्थेला सर्ब आणि इटालियनांत भांडण लावण्यासाठी माणसे नेमावी लागली होती. येथे तो खर्चही वाचतो.

युरोपच्या वंशांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगून टाकलेले बरे. १९५० साली युनेस्कोने वंशश्रेष्ठत्वाची कल्पना निराधार ठरवली. १९७२ मध्ये रिचर्ड लुवॉन्टिन याने दाखवले की माणसामाणसांतील जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो. आणि गेल्या दशकात जुन्या हाडांतील डीएनए वाचता येऊ लागल्यावर कळले की, आजचा जवळजवळ प्रत्येक युरोपीय मनुष्य शिकारी, अनातोलियाहून आलेले शेतकरी आणि गवताळ प्रदेशातले पशुपालक अशा तिघांची सरमिसळ आहे. ट्यूटॉनिक, अल्पाइन, मेडिटरेनियन अशी शुद्ध खोडे कधी नव्हतीच. चाकणला वाहने बनवणाऱ्या जर्मन कंपन्यांतील जर्मन अभियंताही तसलीच सरमिसळ, आणि त्याच्या गाडीचा सुटा भाग प्रेसवर दाबणारा बिहारचा मजूरही आपल्या परीने तशीच.

तेव्हा येत्या महिन्यात जी पाहणी करण्याचे घाटत आहे, तिच्या तक्त्यात कोणते रकाने ठेवायचे याचा विचार व्हावा. राज्य आणि जात हे रकाने नकोतच असे नाही. कोणाला कोठे डांबले आहे हे त्यांतूनच कळेल. पण त्यांच्या शेजारी हे रकाने हवेत: किती वर्षे त्याच यंत्रावर, पगारपत्रकावर कोणती श्रेणी, उचल किती, खोलीचे भाडे कोण कापतो, हाताला इजा झाली असल्यास विम्याची नोंद झाली की नाही. प्रश्नावली मराठीबरोबर हिंदीत आणि ओडियातही असावी. सुरुवात महाळुंगे आणि खराबवाडीच्या खोल्यांपासून करणे सोयीचे, कारण तेथे एकाच आळीत चार-चार राज्यांचे कामगार राहतात. पहिली पाळी सुटल्यावर ते झोपतात. संध्याकाळी सातनंतर गेले तर भेटतील.